सण साधा करायचं ठरलं आणि जीव भांड्यात पडला

गणपतीच्या आधी, दिवाळीच्या आधी, आणि समुपदेशनासाठी अंधेरीत बसते, तिथे ख्रिस्ती घरंही येतात, म्हणून ख्रिसमस-ईस्टरच्या आधीसुद्धा, एक प्रश्न माझ्याकडे ठरलेला येतो. घरातलं माणूस गेलंय, त्याच्यानंतरचा पहिला सण तोंडावर आलाय, दरवर्षीसारखा करायची ताकद नाही आणि नाही करायचा म्हटलं की अपराधी वाटतं, मग करू काय? परवाच एका मुलीने फोनवर जवळपास ह्याच शब्दांत विचारलं आणि मला २०२५ च्या ईस्टरची एक केस आठवली. तिला तुकड्यातुकड्यात सांगितली, मग वाटलं नीट लिहूनच काढावी. ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे बरेच तपशील बदललेत, नाव तर देतच नाही, आपण त्यांना ताई म्हणू.

ताई ४५ च्या आसपासच्या, मरोळ गावठाणातल्या, ईस्ट इंडियन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, ईस्ट इंडियन म्हणजे पूर्व भारतातले नव्हेत, हे मुंबई-ठाणे पट्ट्यातलेच मूळचे लोक, कोळी, भंडारी, कुणबी, आगरी अशा घरांतले, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेले, आणि हे नाव त्यांनी १८८७ मध्ये घेतलं, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला ५० वर्षं झाली त्या साली. जुन्या घरांमधून अजून मराठीच बोलतात, त्यांच्या ढंगाची. ताईंच्या सासूबाई तर मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सोडली तर सगळं आयुष्य मराठीतच जगल्या असं ताई म्हणायच्या.

ताई आल्या त्या झोपेसाठी. मार्चचा पहिला आठवडा होता, राखेचा बुधवार नुकताच होऊन गेलेला, म्हणजे ईस्टरच्या आधीचा ४० दिवसांचा उपवासकाळ लागलेला. रात्री ३ ला जाग येते, मग पंख्याकडे बघत पडून राहते, ६ ला उठून डबे करते आणि मरोळ नाक्यावरून मेट्रो पकडून घाटकोपरला ऑफिस, तिथे आकडे डोळ्यांपुढे नाचतात, असं सगळं त्या हसत हसत सांगत होत्या. मी आधी डॉक्टरांकडे जाऊन प्रेशर आणि थायरॉइड बघून घ्यायला सांगितलं, ते मी नेहमीच सांगते कारण झोपेच्या मागे प्रत्येक वेळी मनच असतं असं नाही. मग सहज विचारलं, घरात कोण कोण? नवरा, १५ वर्षांची मुलगी, सासरे ७८ चे. आणि सासूबाई? तर म्हणाल्या, मम्मा ऑगस्टमध्ये गेल्या. आणि पर्सची चेन उघड-बंद करायला लागल्या.

मम्मांचं ईस्टर म्हणजे गावठाणात नावाजलेलं होतं. २५-३० माणसं जेवायला. दोन दीर, त्यांच्या बायका-मुलं, नणंद मालाडच्या ऑर्लेमहून, मम्मांच्या बहिणीकडचे वसईहून, शिवाय शेजारची दोन म्हातारी माणसं ज्यांना कोणी नाही. पवित्र गुरुवारी सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, चुलीवर चढायचं (गॅसच, पण त्या चूलच म्हणायच्या), कारण व्हिनेगर मुरायला दोन-तीन दिवस लागतात. गुड फ्रायडेला मांस खायचं नाही, म्हणून शुक्रवारी ते पातेलं नुसतं गरम करायचं, घरभर वास, आणि कोणी चमचाभरसुद्धा चाखायचं नाही. शनिवारी मार्झिपानची, म्हणजे काजू-साखरेची, साच्यातली अंडी. रात्री उशिरापर्यंत चर्च, आल्यावर केक आणि घरची वाइन. रविवारी पहाटेपासून फुगे (मैद्याचे फुगलेले गोळे) तळायचे, कोंबडीची खुडी (मसाल्याचा रस्सा), भात, आणि मग पंगतीवर पंगती. ताई १८ वर्षं मम्मांच्या हाताखाली हे करत आलेल्या.

आणि फेब्रुवारीच्या शेवटी एका रात्री जेवताना नवरा म्हणाला, ह्या वर्षी ईस्टर शांतपणे करू, आपणच घरी. बस, एवढंच बोलला आणि हात धुवायला उठला.

ताई हे सांगताना पहिल्यांदा रडल्या. म्हणाल्या, "तो बोलला आणि माझा जीव भांड्यात पडला मॅडम. खरं सांगते. आणि दुसऱ्या क्षणाला मला माझीच लाज वाटली. मम्मांनी मला पोटच्या पोरीसारखं ठेवलं, आणि त्या गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटतं? मी काय बाई आहे?"

तर झोप इथे अडकलेली होती. पहाटे ३ ला ह्याच प्रश्नावर जाग यायची.

हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय. जणींकडूनच, कारण सणाचं काम बायकाच करतात. सासू गेली, आई गेली, मोठी जाऊ गेली, आणि तिच्याबरोबर एक मोठ्ठा पसारा आपल्या एकटीच्या अंगावर आला, तो नको वाटला की आपण म्हणतो मला ते माणूसच नको होतं की काय. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला वेळ लागतो आणि नुसतं सांगून कळत नाही. मी ताईंना म्हटलं तुम्ही अकाउंट्समध्ये आहात ना, मला एक हिशोब करून आणा. गुरुवारपासून सोमवार सकाळपर्यंत घरात जे जे काम होतं ते एकेका ओळीत लिहा, अगदी भांडी आतून काढण्यापासून. आणि प्रत्येकासमोर खूण करा, हे मला आवडतं, हे मी फक्त करते, हे मला नकोसं होतं.

पुढच्या वेळी त्या लेजरच्या कागदावर ३७ ओळी घेऊन आल्या. शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणणे. खुर्च्या परत करणे, कोणाची कुठली ते लक्षात ठेवून. डुकराचं मांस ६ किलो, काळीज-दिल वेगळं, उकडून बारीक चिरणे. लसूण सोलणे. नणंदेच्या मुलाला बिनतिखटाचं वेगळं. आवडतंची खूण फक्त चार ओळींपुढे होती. मार्झिपान मुलीबरोबर करणे. फुगे. शनिवार रात्रीचं चर्च. आणि चौथी ओळ मी दोनदा वाचली, "शनिवारी ४ वाजता मम्माबरोबर चहा."

मी विचारलं, हे काम आहे का? त्या म्हणाल्या नाही, पण लिहिताना हाताला आपोआप आलं. शनिवारी दुपारी मार्झिपान साच्यातून काढून झालं की मम्मा दोघींचा चहा टाकायच्या, आलं घालून, आणि दोघी ओट्याला टेकून उभ्या उभ्या प्यायच्या, १० मिनिटं, बाकी सगळं घर तेव्हा झोपलेलं असायचं. बोलायच्या पण नाहीत फार. १८ वर्षं.

म्हणजे बघा, मम्मा त्या ६ किलोच्या पातेल्यात नव्हत्याच. निदान ताईंसाठी नव्हत्या. सुटका वाटली ती ३३ ओळींपासून, आणि चहाची ओळ तर त्यांना हवीच होती आणि ती आता कोणीच देऊ शकत नव्हतं. हे मी त्यांना समजावलं नाही, त्या कागदाकडे बघता बघता त्यांनाच दिसलं, आणि त्या दिवशी जे रडल्या ते वेगळं रडणं होतं. माझ्या मते त्या ऑगस्टनंतर पहिल्यांदा मम्मांसाठी रडल्या, तोपर्यंतचं सगळं स्वतःवरच्या रागाचं होतं.

आता मध्येच एक सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणालातरी हे लागेल. दुःख आणि डिप्रेशन ह्यात फरक असतो आणि तो तपासावा लागतो. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, मरणाचे विचार, असं असेल तर सण साधा करायचा की मोठा हा प्रश्नच बाजूला ठेवा आणि आधी दाखवून घ्या. सरकारची टेलीमानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, २४ तास असते आणि मराठीत बोलता येतं. आणि माणूस जाऊन बराच काळ झाला तरी रोजचा दिवस ढकलता येत नाही इतकं दुःख तसंच्या तसं राहिलं तर त्याला आता वैद्यकीय भाषेत वेगळं नाव आहे, अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञांच्या २०२२ च्या पुस्तकात मोठ्या माणसांसाठी १२ महिने धरलेत, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ६ महिने. ताईंना सात महिने होत आले होते, म्हणून मी नीट विचारून घेतलं. पण त्या मुलीच्या गोष्टी सांगताना खळखळून हसायच्या, ऑफिसात काम होत होतं, पावसाळ्यात कुठे जायचं ठरवत होत्या. त्यांना आजार नव्हता, त्यांच्या घरात एक माणूस कमी झालं होतं आणि कोणी त्यावर बोलत नव्हतं.

हसतात आणि मग हसल्याचं वाईट वाटतं, हेही लोक फार विचारतात. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट ह्या दोघांनी १९९९ मध्ये मांडलेलं एक मॉडेल मी अशा वेळी सांगते. दुःखातलं माणूस दोन टोकांमध्ये हेलकावे खातं, एकदा गेलेल्या माणसाकडे, एकदा पुढच्या आयुष्याकडे, सकाळी फोटोसमोर रडेल आणि संध्याकाळी पडद्याचं कापड बघायला जाईल. दोन्ही लागतं. झोका एकाच बाजूला अडकला की मात्र काळजी करायची.

तर घरात कोणी बोलत नव्हतं. नवऱ्याचं ते एक वाक्य, शांतपणे करू, ताईंनी मनात १० प्रकारे लावलं होतं. त्याला वाटतं मला जमणार नाही. त्याला वाटतं माझ्या हाताला मम्माची चव नाही. किंवा तो मला न विचारता ठरवून मोकळा झाला. मी म्हटलं त्यांना घेऊन या. आले, शनिवारी, शर्ट इस्त्रीचा, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेले. मी म्हटलं तुम्ही शांतपणे करू म्हणालात म्हणजे नक्की काय म्हणालात? बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, माझे भाऊ जेवताना बोलणार, मम्माच्या सोरपोतेलची गोष्टच वेगळी होती, आणि हिचं तोंड पडणार, गुरुवारपासून राबलेली असणार आणि हिचं तोंड पडणार, ते मला बघायचं नव्हतं. ताई म्हणाल्या, मग हे बोलला का नाहीस? तर म्हणाले, बोलायला गेलो तर मलाच रडू येईल म्हणून हात धुवायला उठलो.

मला ह्या कामात एक गोष्ट पक्की पटलीये, की घरात शांत राहायचं ठरवून शांत राहिलं तर ती शांतता असते, आणि न ठरवता शांत राहिलं तर तो अबोला असतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आतल्या माणसाला मात्र लगेच कळतं. म्हणून कोणी मला म्हणालं की ह्या वर्षी सण शांत करणार आहोत तर मी पहिलं विचारते, असं कोण कोणाला म्हणालं? सगळ्यांना माहितीये का? काय ठेवणार आणि काय सोडणार ते बोललात का?

त्यांच्या घरात सासऱ्यांना तर कोणी विचारलंच नव्हतं. पपांना त्रास नको म्हणून. ७८ वर्षांचा माणूस, ५१ वर्षांचा संसार झालेला, आणि त्याच्या घरचा ईस्टर कसा करायचा हे त्याला न सांगता ठरत होतं. मी म्हटलं विचारा, प्रश्न साधा ठेवा, पपा तुम्हाला ह्या ईस्टरला काय हवंय. ताई घाबरत घाबरत विचारून आल्या. पपांनी तीन गोष्टी सांगितल्या. गुड फ्रायडेला पेज. शनिवारी सकाळी सिमेट्रीत जायचं. आणि लसूण मी सोलणार.

लसूण? ताई म्हणाल्या मलाही कळेना, मग आठवलं की दरवर्षी ती किलोभर लसूण पपाच सोलत आलेत, बाहेरच्या खोलीत पेपर पसरून, टीव्ही लावून, अंगठ्याच्या नखाने एकेक. आम्ही कधी बघितलंच नाही त्यांच्याकडे, म्हणाल्या. ३७ ओळींत "लसूण सोलणे" होतं, पण कोण सोलतं ते त्यांनी लिहिलं नव्हतं.

मग नातेवाइकांना कळवायचं राहिलं, आणि हे माझ्या अनुभवात सगळ्यात अवघड काम. आमच्याकडे, म्हणजे हिंदू घरांत, माणूस गेलं की वर्षभर सण नाही करत असं म्हणायची सोय तरी असते, कोणी विचारत नाही. ताई म्हणाल्या आमचा हा सणच येशूने मरणावर मात केल्याचा, तो कसा टाळणार, ह्याच वर्षी तर तो जास्त लागू आहे. बरोबर होतं त्यांचं. ईस्टर टाळायचा नव्हताच, फक्त पंगत टाळायची होती. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठी मेसेज लिहून आणला, पपांची तब्येत बरी नसते, त्यांना गर्दी सोसत नाही वगैरे. मी म्हटलं पपांना आजारी पाडू नका, ते ठणठणीत आहेत, उद्या दीर भेटायला आला की ते दोन जिने चढताना दिसतील आणि मग तुम्हाला दुसरी थाप मारावी लागेल. शेवटी जो गेला तो असा होता: "मम्माशिवायचा पहिलाच ईस्टर. ह्या वर्षी आम्ही चौघं घरी साधेपणाने करतोय. तुमची आठवण येईलच. ईस्टरनंतरच्या कुठल्याही रविवारी पपांना भेटायला या, आधी एक फोन करा."

नणंदेने रडका इमोजी आणि हात जोडलेले. वसईच्या मावशींचा लांबलचक व्हॉइस मेसेज, तुम्ही बरोबर करताय पोरांनो. आणि धाकट्या दिराचं नुसतं "ओके". त्या ओकेने ताईंच्या तीन रात्री खाल्ल्या. रागावला का, त्याची बायको काय म्हणाली असेल, मी फोन करून समजावू का. मी म्हटलं नका करू. त्याचीही आई गेलीये, त्यालाही वाईट वाटायचा हक्क आहे, ते तुम्ही लगेच पुसून टाकायला गेलात तर तुम्हालाही झोप नाही आणि त्यालाही आपलं वाईट वाटणं नीट वाटून घेता येणार नाही. हे ताईंना अजिबात पटलं नाही हं, पण त्यांनी फोन केला नाही.

त्या वर्षी हनुमान जयंती १२ एप्रिलला होती आणि ईस्टर त्यानंतरच्या आठवड्यात, २० ला. (ईस्टर दरवर्षी का सरकतो असं मला नेहमी विचारतात, तर त्यांचाही पौर्णिमेचाच हिशोब आहे, चर्च २१ मार्च धरतं आणि त्या दिवशी किंवा नंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार.) शुक्रवार ते रविवार तीन दिवस सुट्टी. आम्ही चार ओळी ठेवल्या होत्या, पपांच्या तीन, आणि सोरपोतेल १ किलोचं, कारण नवऱ्याला ते हवंच होतं. मुलीने स्वतःहून सांगितलं की फोन ती फक्त रात्री बघेल, मग शनिवारी दुपारीच बघत बसली, ते असो.

पुढचं सगळं त्यांनी नंतरच्या भेटीत सांगितलं तसं.

शुक्रवार बरा गेला. पेज, आंब्याचं लोणचं, बेकरीतले हॉट क्रॉस बन, ३ वाजता चर्च. गुरुवारच्या मिस्सेत ग्लोरिया ह्या स्तुतिगीताला वाजल्या की त्यानंतर शनिवार रात्रीपर्यंत चर्चच्या घंटा वाजत नाहीत, ते दरवर्षीचंच, पण ह्या वर्षी मला पहिल्यांदा ऐकू आलं की वाजत नाहीयेत, असं त्या म्हणाल्या.

शनिवारी बिनसलं. सकाळी सिमेट्रीत जाऊन आले, पपा तिथे उन्हात बराच वेळ उभे राहिले. दुपारी मार्झिपान करायला घेतलं, काजूची पूड, साखर, अंड्याचा पांढरा, गुलाबपाणी, आणि ते काही केल्या घट्ट होईना, साच्यात चिकटून बसायला लागलं. मुलगी म्हणाली मम्मी सोड ना, विकत आणू हिल रोडवरून. झालं. ताई कडाडल्या, तुला कशाचंच काही नाही म्हणून, मुलगी रडत आत, नवरा मध्ये पडायला आला तर त्यालाही दोन शब्द. बाहेरच्या खोलीतून पपा आले, हाताला लसणाचा वास, पातेल्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, परत गॅसवर ठेव, बारीक, कडा सोडेपर्यंत हलव, ती तसंच करायची. आणि परत जाऊन बसले.

सोडली कडा. मुलगी बाहेर आली, डोळे सुजलेले, आणि साच्यातून काढायला बसली, निम्म्या अंड्यांना टवके गेलेले. तोपर्यंत ४ वाजले. ताईंनी चहा टाकला. मी मुद्दामच त्यांच्याशी ४ वाजताबद्दल आधी बोलून ठेवलं होतं की ती वेळ येणार आहे, ती चुकवू नका आणि तिच्यासाठी काही मोठं पण ठरवू नका. त्यांनी दोन कप केले, सवयीने. दुसरा कप ओट्यावर तसाच निवला. मुलीने विचारलं हा कोणाचा, तर म्हणाल्या आजीचा. मुलगी म्हणाली मी पिऊ का? साय आलेली त्याच्यावर, तिला साय आवडत नाही, तरी प्यायली.

ताई हे सांगत होत्या तेव्हा मला पाण्याचा ग्लास हातात घ्यावा लागला.

रविवारी पहाटे फुगे. हे मी कधी बघितलेलं नाही, म्हणून त्यांनी मला हाताने करून दाखवलं. मैदा, अंडी, नारळाचं दूध, यीस्ट, पूर्वी ताडी घालून फुगवायचे, पीठ एकदम सैल, ते डाव्या हातात घ्यायचं आणि मूठ आवळायची की अंगठा आणि बोटाच्या मधून गोळा वर येतो, तो उजव्या हाताने ओल्या बोटांनी उचलून तेलात सोडायचा, आणि झाऱ्याने वरून तेल उडवत राहायचं, मग तो आपला आपण फिरतो. आपला आपण फिरतो हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. दरवर्षी दीडशे फुगे तळताना हे बघायला वेळच नसायचा, ह्या वर्षी ३० होते.

सोरपोतेल आंबट झालं. ६ किलोचं प्रमाण १ किलोवर आणताना व्हिनेगरचं गणित चुकलं, अकाउंट्सवाल्या बाईचं चुकलं, नवरा म्हणाला. खुडीला मात्र मम्मांचाच मसाला होता. बॉटल मसाला ह्या घरांमधून उन्हाळ्यात वर्षाचा करून ठेवतात, एप्रिल-मेमध्ये मिरच्या आणि बाकी सगळे जिन्नस वाळवून, भाजून, कुटून, बिअरच्या तपकिरी बाटल्यांमधून दाबून भरतात. मम्मा ऑगस्टमध्ये गेल्या म्हणजे मे २०२४ चा मसाला त्यांच्या हातचा, आणि त्यातली एकच बाटली उरलेली. ताईंनी ती कपाटात मागे सरकवून ठेवली होती. ती वापरायची की ठेवायची ह्यावर आमची एक अख्खी भेट गेली होती आणि काही ठरलं नव्हतं, मी ठरवूही दिलं नाही. रविवारी सकाळी पपांनीच मागितली. ठेवून ठेवला की वास जातो त्याचा, एवढंच म्हणाले.

जेवण १ वाजता आटोपलं. आणि मग तो रिकामा वेळ आला ज्याला त्या सगळ्यात जास्त घाबरत होत्या. दरवर्षी १ ते ६ म्हणजे दुसरी पंगत, तिसरी पंगत, ३० ताटं, खुर्च्या. आता चार ताटं, १० मिनिटांत धुऊन झाली. सण साधा केला की लोक सकाळचं ठरवतात, संध्याकाळचं ठरवतात, आणि दुपारी २ ला घर खायला उठतं, म्हणून मी दुपारबद्दल नेहमी आधी बोलून ठेवते. ताईंना म्हटलं होतं काही करू नका, फक्त आडव्या व्हा, रडू आलं तर रडा. त्या आडव्या झाल्या आणि सरळ ५ ला उठल्या. सात महिन्यांत एवढी सलग झोप पहिल्यांदा, तीही दिवसा. बाहेर पपा टीव्हीसमोर बसले होते, दुपारी साडेतीनला रोमचं लाइव्ह असतं ईस्टरला, पोप फ्रान्सिस बाल्कनीत आले होते, आजारी, व्हीलचेअरवर, आवाज अगदी खोल गेलेला.

सोमवारी सुट्टी नव्हती. ताई ऑफिसात, जेवायच्या सुट्टीत फोनवर बातमी आली की पोप गेले. २१ एप्रिल. त्यांच्या डोक्यात पहिलं आलं ते पपा घरी एकटे आहेत हे. फोन लावला. पपांना कळलेलं होतं. बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज येत होता मागून. मग म्हणाले, काल दुपारी तर बघितले मी. आणि थोड्या वेळाने म्हणाले, तिने पण आदल्या दिवशी मला चहा केला होता.

ऑगस्टपासून मम्मांबद्दल ते हे पहिलं वाक्य बोलले, असं ताई म्हणाल्या. त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही, नुसता फोन कानाला धरून जिन्यात बसल्या. मग हाफ डे टाकून घरी गेल्या. संध्याकाळपर्यंत पपा बोलत होते, लग्नाच्या आधीचं, ती अंधेरीतल्या सीप्झ ह्या औद्योगिक वसाहतीच्या आतलं जुनं चर्च बघायला कशी घेऊन गेली होती ते. १५७९ चं चर्च आहे ते, १८४० मध्ये साथ आली तेव्हा गाव तिथून उठून मरोळला आलं, आणि अजूनही मे महिन्यात वर्षातून एकदा तिथे त्या पडक्या भिंतींमध्ये मिस्सा होते. मम्मा दरवर्षी जायच्या.

धाकटा दीर ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी आला, फोन न करता. सोरपोतेल नव्हतं घरात, अंडाभुर्जी-पाव खाऊन गेला. पुढच्या ईस्टरचं काय ते त्याने विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही.

झोप अजून पूर्ण लागत नाही, आठवड्यातून एकदा-दोनदा ३ ला जाग येते, पण आता त्या उठून पाणी पितात आणि परत झोपतात. जूनमध्ये शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा मी विचारलं, मग मसाला कुटलात का ह्या उन्हाळ्यात? मला वाटलं होतं हो म्हणतील. म्हणाल्या, नाही. मिरच्या आणायलाच गेले नाही. गावठाणात एक बाई करून विकते, तिच्याकडून दोन बाटल्या घेतल्या. पपा पहिल्या घासाला म्हणाले, तिखट आहे, आणि परत भात मागून घेतला.